फळ आधी गोठवलं होतं का? विजेच्या मोजणीतून ओळखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डाळिंबाचे सोललेले दाणे डब्यात भरून विकले जाऊ लागले, तेव्हापासून सोलापुरात हा विषय निघतोच. दाणे विकत घेणारे केटरर, पॅकिंग करणारे बचतगट, मार्केट यार्डातले खरेदीदार आणि विज्ञान प्रकल्पाची तारीख जवळ आलेले विद्यार्थी अशा सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ते विचारले तसेच ठेवले आहेत, फक्त सुरुवातीचं 'नमस्कार सर' काढलं आहे.

१. फळ एकदा गोठवून पुन्हा वितळवलंय, हे विजेवरून कसं काय कळतं?

फळाच्या गरातल्या प्रत्येक पेशीत रस असतो आणि त्याभोवती पेशीपटल नावाचा अतिपातळ थर, जाडी ५ ते १० नॅनोमीटर. रसात पोटॅशियमसारखे आयन असल्यामुळे तो वीज वाहतो. पटल मात्र ती अडवतं. त्यामुळे कमी वारंवारतेचा, म्हणजे सेकंदाला कमी वेळा दिशा बदलणारा, प्रवाह ताज्या फळात पेशींच्या आत शिरत नाही. बंद घरांमधल्या बोळांतून वाट काढावी तसा तो पेशींमधल्या चिंचोळ्या जागेतून जातो, म्हणून अडथळा जास्त दिसतो. वारंवारता वाढवत नेली की पटल कपॅसिटरसारखं (झपाट्यानं बदलणारा प्रवाह जाऊ देणाऱ्या भागासारखं) वागू लागतं, प्रवाह आरपार जातो आणि अडथळा उतरतो. प्रवाहाला होणाऱ्या या एकूण अडथळ्याला इंपीडन्स म्हणतात.

फळ गोठताना बर्फाचे स्फटिक पेशीतलं पाणी ओढून घेतात, पेशी आक्रसते आणि पटल फाटतं. वितळल्यावर रस सगळीकडे पसरतो. आता कमी वारंवारतेच्या प्रवाहालाही रस्ता मोकळा. कमी आणि जास्त वारंवारतेच्या इंपीडन्समध्ये ताज्या फळात जो मोठा फरक असतो, तो जवळजवळ नाहीसा होतो. आपण शोधतो ती खूण हीच.

कल्पना जुनी आहे. १९२५ मध्ये ह्यूगो फ्रिके यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींवर अशीच मोजणी केली. पटलाची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) दर चौरस सेंटीमीटरला ०.८१ मायक्रोफॅरड आली आणि त्यावरून त्यांनी पटलाची जाडी ३.३ नॅनोमीटर काढली. सूक्ष्मदर्शकाखाली पटल कुणाला दिसायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

२. म्हणजे मीटर 'गोठवलं होतं' असं थेट सांगतो का?

नाही. 'पटलं फुटली आहेत' एवढंच तो सांगतो. ती बर्फानं फुटली, उकळत्या पाण्यानं, की क्रेट आपटल्यानं, हे आपल्याला इतर गोष्टींवरून ठरवावं लागतं (प्रश्न ११ पाहा). यंत्र विकणारे हे वाक्य सहसा गाळतात, म्हणून इथे दुसऱ्याच क्रमांकावर ठेवलं आहे.

३. यासाठी यंत्र कशाला? हातात घेतलं की कळतं की!

पुष्कळदा कळतं, आणि कळत असेल तर यंत्राच्या भानगडीत पडू नका. वितळलेलं फळ लिबलिबीत लागतं, डब्याच्या तळाला रस साचतो, द्राक्षाची साल सैल होते. अडचण येते ती लगेच वितळवून, निथळून, थंडगार ठेवलेल्या दाण्यांत. भगवा या डाळिंबाच्या वाणाचा गडद दाणा दिसायला तसाच राहतो आणि नुसत्या नजरेनं फारसा फरक कळत नाही. मोजणीचा खरा उपयोग तिथे आहे.

४. घरातला मल्टिमीटर ओहमवर लावून टोचला तर चालेल का? माझा आकडा स्थिरच होत नाही.

चालणार नाही. मल्टिमीटर एकाच दिशेचा प्रवाह सोडतो. फळाच्या रसात त्यामुळे टोकांजवळ आयन जमा होतात, थोडं विद्युत-अपघटनही होतं आणि आकडा सरकत राहतो. तुमचा मल्टिमीटर बिघडलेला नाही, जे घडतंय ते तो प्रामाणिकपणे दाखवतोय. या कामाला दोन्ही दिशांनी बदलणारा प्रवाह लागतो.

५. मग कोणतं यंत्र घ्यावं?

हातात मावणारा एलसीआर मीटर पुरे, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतेला इंपीडन्स मोजणारं यंत्र. त्याच्या चांगल्या मॉडेलमध्ये १०० हर्ट्झ, १२० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ आणि १०० किलोहर्ट्झ अशा पायऱ्या असतात. आपल्याला १ आणि १०० किलोहर्ट्झ पुरतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी एडी५९३३ ही इंपीडन्स मोजणारी चिप आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डला जोडून करतात. ती साधारण १ ते १०० किलोहर्ट्झमध्ये काम करते, म्हणजे नेमकी आपल्या कामाची.

टोकं स्टेनलेस स्टीलच्या सुयांची ठेवा. दोन्ही एकाच धातूच्या, एकमेकींपासून ठरावीक अंतरावर प्लास्टिकच्या तुकड्यात घट्ट बसवलेल्या आणि दर वेळी तेवढ्याच खोल जाणाऱ्या. सुया हातानं धरून टोचल्या तर अंतर बदलतं आणि फळापेक्षा तुमचा हातच मोजला जातो. १ किलोहर्ट्झच्या खाली जाऊ नका, तिथे सुई आणि रस यांच्या सीमेवरचा परिणाम खऱ्या आकड्यात मिसळतो. खाली जायचंच असेल तर चार टोकांची पद्धत वापरा: बाहेरच्या दोनमधून प्रवाह, आतल्या दोनवर व्होल्टेज.

डाळिंबाचा एकेक दाणा टोचणं मात्र निरुपयोगी. सुई जाताच रस बाहेर येतो आणि दोन सुयांमध्ये पूल बांधतो. दाण्यांसाठी पुढची पद्धत बघा.

६. माझ्याकडे ठिबकच्या खतासाठी घेतलेला ईसी मीटर आहे. त्यानं होईल का?

होईल. ईसी मीटर पाण्याची वाहकता, म्हणजे त्यातून वीज किती सहज वाहते, ते मोजतो. सोलापूर जिल्ह्यात हीच पद्धत सगळ्यात सोयीची, कारण सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या कितीतरी बागायतदारांच्या घरी हा मीटर आधीच पडलेला असतो.

तत्त्व तेच. पटल शाबूत असेल तर आयन आत राहतात, फुटलं असेल तर बाहेर गळतात. फळ शुद्ध पाण्यात ठेवायचं आणि पाण्याची वाहकता किती चढते ते बघायचं. झाडं थंडीत किती तगतात हे ठरवण्यासाठी डेक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९३२ मध्ये अमेरिकेत मांडली. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत ती आजही रोजच्या वापरात आहे.

दाण्यांसाठी असं करा. संशयित डब्यातले १० ग्रॅम दाणे मोजून घ्या. सोलताना फुटलेले, दबलेले दाणे आधीच बाजूला काढा. उरलेले डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोनदा हलक्या हातानं विसळा, म्हणजे वरचा चिकट रस निघून जाईल. हे टाळलंत तर ताजे दाणेही दोषी ठरतील. मग ५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाका, लगेच एक वाचन घ्या आणि अर्ध्या तासानं हलकेच ढवळून दुसरं.

आता तुलना, आणि सगळं इथेच ठरतं. स्वतः सोललेल्या, खात्रीच्या ताज्या डाळिंबाच्या दाण्यांचे दोन भाग करा. एक भाग तसाच मोजा. दुसरा रात्रभर डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवा, सकाळी पूर्ण वितळू द्या आणि त्याच रीतीनं मोजा. तुमच्या हातात दोन टोकं आली: 'नक्की ताजं' आणि 'नक्की गोठवलेलं'. संशयित दाणे यांपैकी कुणाच्या जवळ बसतात ते बघा. फळ शक्यतो त्याच वाणाचं आणि साधारण तेवढ्याच पिकलेपणाचं घ्या. मृग बहाराच्या फळाची तुलना आंबे बहाराच्या जुन्या नोंदीशी करू नका.

अर्ध्या तासाहून जास्त थांबण्यात फायदा नाही. दाण्यातला रस गोड असल्यामुळे तो शुद्ध पाणी ओढून घेतो आणि बराच वेळ ठेवलं तर ताजा दाणाही तडकतो. प्रयोगशाळेत यासाठी पाण्यात मॅनिटॉल घालतात. घरी साखर घालून पाहता येईल, कारण साखर स्वतः वीज वाहत नाही. पण साखरेच्या पाण्याची वाहकता आधी मोजा आणि तिन्ही नमुन्यांना तेच पाणी वापरा.

७. डिस्टिल्ड वॉटर नसेल तर आरओचं किंवा बोअरचं पाणी?

बोअरचं अजिबात नको. आपल्याकडच्या पाण्यात आधीच इतके क्षार असतात की फळातून गळलेले आयन त्यात हरवून जातील. आरओचं नाइलाजानं चालेल, सुरुवातीचं वाचन वजा करून. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन स्वस्त मिळतो, तो आणा. पाण्यातले क्षार दाखवणारा टीडीएस पेन असेल तर त्याचे पीपीएम आकडे हे वाहकतेवरूनच काढलेले असतात. फक्त सगळी वाचनं एकाच पेननं घ्या.

८. किती आकडा आला म्हणजे गोठवलेलं समजायचं? एकच आकडा सांगा.

असा एक आकडा नाही. सुयांचं अंतर, फळाचा प्रकार, पिकलेपण, तापमान, सगळ्यानं तो बदलतो. एलसीआर मीटर वापरत असाल तर ओहम सोडून गुणोत्तर बघा: १ किलोहर्ट्झचा इंपीडन्स भागिले १०० किलोहर्ट्झचा. ताज्या, टणक गरात हे गुणोत्तर १ च्या बरंच वर असतं. पटलं फुटलेल्या गरात ते १ च्या आसपास येतं. गुणोत्तराचा फायदा असा की सुई थोडी कमी खोल गेली तर वरचा आणि खालचा दोन्ही आकडे सारखेच हलतात आणि भागाकार फारसा बिघडत नाही. ईसी पद्धतीत प्रश्न ६ मधली दोन टोकं हाच तुमचा निकष.

९. उन्हाळ्यात माझे सगळेच आकडे कमी येतात. फळं खराब आहेत का?

फळं ठीक असतील, हवा तापलेली आहे. आयनांच्या द्रावणाची वाहकता दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढते. प्रयोगशाळेतली २५ अंशांची खोली आणि मे महिन्यात दुपारी ४२ अंशांची आपली शेड यांत १७ अंशांचा फरक, म्हणजे वाहकतेत सुमारे एक तृतीयांशाचा. काहीही न करता ओहम सुमारे एक चतुर्थांशानं उतरतात. ईसी मीटरमध्ये बहुतेक वेळा तापमानाची दुरुस्ती आपोआप होते, एलसीआर मीटरमध्ये होत नाही. संशयित आणि तुलनेचा नमुना एकाच खोलीत तासभर शेजारी ठेवा, मग मोजा. फ्रीजमधून काढलेला डबा आणि टेबलावरचं फळ यांची तुलना कधीच नको.

१०. फळ न कापता, सालीवरूनच मोजता येईल का? डागाळलं तर गिऱ्हाईक घेत नाही.

फळाफळावर आहे. पेरू, बोर यांत बारीक सुया सालीतून थेट गरात जातात. तेवढं भोक पडणारच, म्हणून ते फळ नमुन्यात गेलं समजा. द्राक्षातही सुई जाते, पण मणी लहान असल्यामुळे रस लवकर बाहेर येतो, झटपट वाचन घ्यावं लागतं. सालीला नुसत्या पट्ट्या चिकटवून द्राक्ष मोजायला जाल तर वरचा मेणचट थरच मोजाल. डाळिंबाची साल जाड, साठवणीत वाळत जाणारी. तिचा आकडा दाण्यांबद्दल फार काही सांगत नाही. तसंही अख्खं डाळिंब सहसा कुणी गोठवत नाही, गोठवतात ते दाणेच.

११. ताज्या फळानंही 'गोठवलेलं' दाखवलं. असं का?

पटल फोडणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. दबलेल्या भागात पटलं फुटतात, म्हणून सुई नेहमी फळाच्या न दबलेल्या बाजूला टोचा आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी. फळ पिकत जातं तसा कमी वारंवारतेचा इंपीडन्स आपोआप उतरतो. अतिपक्व पेरू आणि वितळलेला पेरू यांच्या आकड्यांत गल्लत होऊ शकते. बुरशी लागलेला, उन्हानं भाजलेला भाग तसाच. गरम पाण्यातून काढलेलं फळ तर हमखास, कारण उष्णतेनंही पटल मरतं.

ओळखायचं कसं? दुखापत बहुधा एका जागी असते, बर्फ सगळीकडे पोचतो. दबलेल्या फळात एक जागा वाईट आणि दुसरी चांगली निघते. गोठवलेल्यात चारही बाजू सारख्याच मेलेल्या. उकडलेलं फळ मात्र असं वेगळं काढता येत नाही, तिथे वास आणि चव यांचाच आधार. मीटरनं स्वतः तर फळ खराब केलं नाही ना, असंही काही जण विचारतात. एलसीआर मीटरचं व्होल्टेज एका व्होल्टच्या आसपास आणि ते शेकडो पेशींत वाटलं जातं, त्यानं पटलाला काही होत नाही.

१२. द्राक्षं महिनाभर कोल्ड स्टोरेजला होती. ती गोठवलेली म्हणून पकडली जातील का?

नाही, आणि बागायतदारांनी ही भीती काढून टाकावी. प्री-कूलिंग (तोडणीनंतर फळ लगेच थंड करणं) आणि कोल्ड स्टोरेज म्हणजे गोठवणं नव्हे. द्राक्षं ० ते उणे १ अंशाला ठेवतात आणि साखरेमुळे मण्याचा गोठणबिंदू उणे २ अंशांच्या आसपास किंवा त्याहून खाली असतो. बर्फ झाला नाही तर पटल फाटत नाही. कधी कधी फळाचं तापमान गोठणबिंदूखाली जाऊनही आत बर्फ धरत नाही. असं फळ मोजणीत ताजंच दिसतं, आणि ते बरोबरच आहे.

१३. केळी फ्रीजमध्ये काळी पडली. ती गोठली का?

गोठली नाहीत. केळीला १३ अंशांच्या खालची थंडी सोसत नाही. त्या थंडीनं पटलं हळूहळू अशक्त होतात, गळती थोडी वाढते, गुणोत्तर थोडं उतरतं. आकडा 'ताजं' आणि 'गोठवलेलं' यांच्या मध्ये लटकतो. डाळिंबालाही ५ अंशांच्या खाली फार दिवस ठेवलं तर असंच होतं. मधला आकडा आला तर निकाल देऊ नका, फळ कुठे आणि किती अंशांना होतं ते विचारा.

१४. आयक्यूएफनं झपाट्यानं गोठवलेले दाणेही पकडता येतात का?

येतात. आयक्यूएफ म्हणजे दाणा न् दाणा सुटा गोठवण्याची पद्धत. झपाट्यानं गोठवल्यावर स्फटिक बारीक होतात, म्हणून दाण्याचा आकार आणि पोत बरा राहतो. डोळा फसतो. पटल मात्र त्यातही वाचत नाही.

१५. एकदा गोठवलं की दोनदा, आणि किती दिवस, हे कळेल का?

नाही. पटल एकदाच फाटतं. पहिल्याच वेळी गुणोत्तर १ जवळ आलं की दुसऱ्या वेळी खाली जायला फारसं काही उरत नाही. किती दिवस फ्रीझरमध्ये होतं हेही या मोजणीतून निघत नाही.

१६. सीताफळाचा गर, आमरस, मनुका यांचं काय?

यांवर ही पद्धत चालत नाही. बार्शीकडच्या सीताफळाचा गर काढतानाच पेशी फुटलेल्या असतात, रसात पेशी उरत नाहीत आणि मनुका वाळताना पटलं गेलेली असतात. गोठवण्यापूर्वीच जे मोडलं, ते गोठवण्यानं मोडलं का हे विचारता येत नाही. सीताफळाच्या पाकळ्या अख्ख्या, बियांसकट असतील तर प्रयत्न करून बघा, पण प्रश्न ११ मधल्या पिकलेपणाच्या अडचणीसह.

१७. दाण्यात अजून थोडा बर्फ आहे. तसंच मोजू का?

थांबा. बर्फ विजेला खूप अडवतो, म्हणून अर्धवट गोठलेल्या फळाचा इंपीडन्स ताज्याहूनही जास्त येऊ शकतो आणि तुम्ही त्याला उत्तम शेरा द्याल. तसं पाहता बर्फ दिसतोय म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

१८. याच मीटरनं मासे तपासता येतील का?

तत्त्व तेच लागू पडतं. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या टॉरी संशोधन केंद्रात याच आधारावर मासळीचा ताजेपणा सांगणारं टॉरीमीटर तयार झालं. गोठवून वितळलेल्या मासळीचा ताजेपणा त्याला सांगता येत नाही, कारण पटलं आधीच गेलेली. पण मासळीचे आकडे फळाला लावू नका आणि फळाच्या सुया मासळीला.

१९. वितळलेलं फळ खाणं वाईट असतं का?

नीट गोठवलेलं, नीट वितळवलेलं फळ खायला हरकत नाही. ते लवकर आंबतं, म्हणून त्याच दिवशी संपवावं. तक्रार पैशांची आणि विश्वासाची आहे: ताज्याचा भाव देऊन वितळलेलं घेणं.

२०. हा रिपोर्ट दाखवून विक्रेत्यावर कारवाई करता येईल का?

घरच्या मोजणीवर नाही. प्रश्न २ मध्ये सांगितलेलं कारण तिथेही आडवं येतं. तुमच्यासाठी ती फक्त 'पुढे चौकशी करावी का' हे ठरवण्यापुरती. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये चुकीचं लेबल आणि दिशाभूल करणारी जाहिरात यांना मनाई आहे. त्याच कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो, मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. घरी येऊन, डबा उघडून, मग आठवलं तर ही वाट बंद. नियमित माल घेणाऱ्यांना माझा सल्ला वेगळा आहे: 'ताजे' की 'गोठवून वितळवलेले' हे बिलावर लिहून घ्या. बरेच विक्रेते विचारल्यावर खरं सांगतात, भावही उतरवतात.

डाळिंबाच्या साठवणीबद्दल शास्त्रीय शंका असेल तर केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच शहरात आहे, २००५ पासून.

२१. एकाच खोलीतल्या एका क्रेटमधली फळं गोठलेली निघाली, शेजारच्या क्रेटमधली ताजी. मीटर चुकतोय का?

बहुधा मीटर बरोबर आहे आणि क्रेट कूलिंग कॉइलच्या पंख्यासमोर होता. तिथली हवा खोलीच्या ठरवलेल्या तापमानापेक्षा थंड असते. थर्मामीटर दाराजवळ लावलेला असेल तर तो हे कधीच दाखवत नाही. अशा वेळी कुणी जाणूनबुजून गोठवलेलं नसतं, पण फळ गोठलेलंच असतं. नमुने घेताना कॉइलजवळचे, मधले आणि दाराजवळचे क्रेट वेगवेगळे घ्या. प्रत्येक क्रेटमधलं वरचं आणि तळाचं फळ मोजा आणि क्रेटची जागा आकड्याशेजारी लिहा. वाईट आकडे सगळे कॉइलच्या बाजूचे निघाले, तर व्यापाऱ्याशी बोलण्याआधी कोल्ड स्टोरेजवाल्याला फोन करा.